पहिली मूठ

आमच्या मागच्या आवारात कोणी हुरडा भाजायला घेतला की मी उठून खिडकी लावून घेते. सून म्हणते, सगळं जग त्या वासाला धावत येतं आणि आई तुम्ही खिडक्या लावता. मी दम्याचं कारण सांगून मोकळी होते. दमा मला आहेच, त्यात खोटं काही नाही. पण दम्याला त्रास गोवरीच्या धुराचा, ज्वारीच्या कोवळ्या दाण्याचा नव्हे. आणि माझं भांडण त्या दाण्याशीच आहे.

कार्तिक सरत आला की वऱ्हाडात हवा कशी होते ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पहाटे अंगावर गोधडी ओढावीशी वाटते, दुपारी तीच पायानं ढकलावीशी. शेतात कापूस फुटून पांढरा झालेला असतो आणि त्याच्या शेजारी ज्वारीचं कणीस दुधानं भरून मान टाकू लागतं. चांगले दिवस. बाया माहेराला जातात, पोरं आगटीभोवती गोल करून बसतात, तळहातावर कणीस चोळून फुंकर मारतात आणि भूस नेमकं शेजारच्याच्या डोळ्यात जातं. ह्या इतक्या चांगल्या दिवसांत माझे खांदे मात्र आपोआप कानाकडे चढतात. कोणाचं पोर नुसतं "पोट दुखते" म्हणालं तरी माझा हात त्याच्या पोटावर जातो, मऊ आहे का बघायला. मऊ असतं. पोरं बोरं खाऊन पोट दुखवून घेतात, त्याला काय होतंय. पण मऊ लागेपर्यंत मी हात काढत नाही.

हे वऱ्हाड मध्यप्रांताच्या पदराला बांधलेलं होतं तेव्हाचं सांगते. हुकूम यायचा तो नागपुराहून, औषधं यायची तीही बहुतेक तिकडूनच, आणि जलंबला गाडी बदलून खामगावात पोचेपर्यंत निम्म्या बाटल्या फुटलेल्या. माझा नवरा कापसाच्या जिनात कामाला होता, तो लवकर गेला. मग मी गावातल्या एका धर्मार्थ दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, आया म्हणून लागले. शाळा मी पाहिलेली नव्हती. अक्षर ओळखायला मला डॉक्टरीणबाईंनी शिकवलं, फावल्या वेळात, पाटीवर. माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. नागपूरकडच्या, लग्न न केलेल्या, ताठ चालणाऱ्या. हसल्या तर उजव्या गालाला खळी पडायची, म्हणून की काय हसायच्या नाहीत. आम्ही आया मागून म्हणायचो, बाईंनी खळी नागपूरलाच ठेवली.

त्या हंगामात सरसी आली. नाव सरस्वती, पण एवढं लांब नाव खेड्यात कोण घेतं. जळगाव जामोदच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. नऊ-दहा वर्षांची असेल. पूर्णेचं पाणी ओलांडून बैलगाडीनं आणलं तेव्हा ताप इतका, की तिला उचलून घेतलं तर माझ्या लुगड्यातून पोटाला चटका लागला. मुदतीचा ताप. आता त्याला टायफॉईड म्हणतात आणि गोळ्या देतात. तेव्हा गोळी नव्हती. ताप आपली मुदत संपवून जायचा, आणि तोवर माणूस घट्ट धरून ठेवायचं, एवढंच आमच्या हाती. कपाळावर ओल्या पट्ट्या, चमच्यानं बार्लीचं पाणी, पाणी घातलेलं दूध, संत्र्याचा गाळलेला रस. दात लागेल असं काही नाही. डॉक्टरीणबाई दिवसातून कितीदा तरी येऊन तिचं पोट हलक्या हातानं दाबून बघायच्या.

ताप जरा उतरल्यावर पोरगी बोलू लागली, आणि काय बोलू लागली. मला म्हणाली, "मावशी, हे डॉक्टरीण मायं पोट रोज मळते, पण पोळी काही करत नाही." दूध पुढं केलं की म्हणायची, तूच पिऊन टाक, मी सांगीन मीच प्याली म्हणून. तापानं केस गळत होते तिचे, फणीत पुंजके यायचे. ते पाहून आई तोंड फिरवायची, आणि सरसी म्हणायची, जाऊ दे माय, तेल वाचते. डॉक्टरीणबाईंची खळी मी पहिल्यांदा नीट पाहिली ती ह्या पोरीच्या खाटेपाशी.

आईचं नाव पार्वता. मुकी म्हणावी इतकी कमी बोलणारी. सरसीच्या पाठीवरचं एकही लेकरू जगलं नव्हतं. ती खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसायची आणि एक हात वर करून पोरीचा पाय धरून ठेवायची. जेवतानासुद्धा डावा हात तिथंच. मी कितीदा सांगितलं, बाई, घटकाभर आडवी हो, मी आहे. मान हलवायची आणि तशीच बसायची.

आता त्यांच्या घरची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नव्या ज्वारीचा हुरडा निघाला की पहिली मूठ घरातल्या सगळ्यात धाकट्याच्या हातावर पडायची. त्यानं तोंडात टाकून गोड आहे म्हटलं, की मग बाकीच्यांनी खायचं. त्याआधी घरात कोणी दाण्याला हात लावायचा नाही, म्हाताऱ्यानंसुद्धा नाही. सरसी सगळ्यात धाकटी, म्हणून ती मूठ कळायला लागल्यापासून तिची. आम्हाला मोठ्या तोऱ्यात सांगायची, मी खाल्ल्याबिगर आमच्या घरी आबाही उपाशी राह्यते.

ते आबा, म्हणजे पार्वताचे सासरे, कापसाची गाडी घेऊन खामगावच्या बाजारात यायचे आणि कापूस मोजून दिला की दवाखान्यात. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना मनाई, म्हणून ते व्हरांड्यातल्या खिडकीशी उभे राहायचे. उंच, वाळलेले, पागोट्याला कापसाचे तंतू चिकटलेले. नातीकडे बघत बोलायचे, पण बोलणं सुनेशी. पार्वता डोक्यावरचा पदर पुढं ओढून ऐकायची.

म्हणायचे, शिवारात सगळ्यांचा हुरडा खाऊन होत आला, आपल्या घरी आगटी पेटली नाही. दाणा कडक व्हायला लागला. अजून थोडे दिवस गेले तर हुरडा राहणार नाही, नुसती ज्वारी. त्यांना खायची घाई नव्हती हो. त्यांच्या मनात पक्कं बसलेलं, की नवं धान्य पोटात गेलं म्हणजे माणूस नव्या सालात आलं आणि दुखणं जुन्या सालात राहिलं. पोरीनं मूठ खाल्ली की ती ओढ्यापलीकडं आली, असं. आणि न खाताच दाणा टणक झाला तर? हे ते कधी बोलले नाहीत. पण खिडकीच्या गजावरचा त्यांचा हात बोलायचा.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना दोनदा तरी समजावलं असेल. आतडं भिजलेल्या कागदासारखं झालंय, वरून ताप गेला तरी आतली जखम ओली आहे, दाणा तर सोडाच, भाताचं शीतही नको. आबा हात जोडून ऐकायचे, "बरं बाई" म्हणायचे, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा विचारायचे, आता?

तेव्हा रोग्यांची माणसं दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली राहायची, तीन दगड मांडून तिथंच रांधायची. त्या दिवसांत संध्याकाळ झाली की कोणी ना कोणी कणसं भाजायचं. वास खिडकीतून सरळ आत. सरसी नाक वर करून डोळे मिटायची. रडायची नाही, हट्ट करायची नाही. नुसतं म्हणायची, "आता चटणी संगं खाऊन राह्यले ते." महिनाभर दुधाच्या पाण्यावर असलेलं लेकरू. पार्वताचा हात तिच्या पायावर आवळायचा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आवारात हुरडा भाजायची बंदी केली. लोक कुरकुरले आणि भिंतीपलीकडं जाऊन भाजू लागले. भिंतीनं वास कुठं अडतो?

मग एका सकाळी ताप नव्हता. आदल्या सकाळीही नव्हता. डॉक्टरीणबाईंनी काचेची नळी उजेडात धरली, खळी पडू दिली, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या की पोरगी आता हाती लागली. खाण्याचा नेम मात्र अजून तोच, हेही म्हणाल्या. मी तिथंच होते, दोन्ही वाक्यं ऐकली. पार्वतानं किती दिवसांनी कोण जाणे, पदरात तोंड घालून रडून घेतलं. मला पलीकडच्या खोलीत एका अडलेल्या बाळंतिणीजवळ बोलावणं आलं, मी गेले.

त्याच दिवशी बाजार होता.

बाळंतीण सुटली, मुलगा झाला, त्याला पुसून आईजवळ ठेवून मी परत आले तेव्हा दुपार झालेली. सरसी कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. मी म्हटलं, काय गं, मळायला कोणी आलं नाही वाटतं. तिनं हसायला पाहिजे होतं. तिनं माझा हात धरला, आणि तो हात गार होता. कपाळावर घाम, नाक चिमटल्यासारखं टोकदार. मी पोटाला हात लावला. खाटेच्या फळीला हात लावला की काय, असं वाटलं.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनीही हात लावला, आणि लावलेला काढला नाही. मान वर न करता विचारलं, "हिनं काय खाल्लं?"

मला पार्वताचा चेहरा दिसत होता. तिला खोटं बोलता आलं असतं. वॉर्डात आम्ही रोज ऐकायचो ना, काही नाही दिलं बाई, देवाशप्पथ. तिनं उजवी मूठ पुढं केली आणि उघडली. तळव्याच्या रेषांत हिरवट भूस होतं.

"मीनं हुरडा देल्ला. एक मूठ. आबांनी आणेल होता."

डॉक्टरीणबाई उठल्या. मोठ्यानं नाही बोलल्या, हळूच बोलल्या, आणि ते जास्त वाईट. म्हणाल्या, "मी हिला वाचवलं होतं. तुम्ही मारलंत."

सरसी ऐकत होती. हे मला अजून सोडत नाही, की ती शुद्धीवर होती आणि ऐकत होती. म्हणाली, "माय, गोड होता." आईसाठी म्हणाली, का रीत पुरी करायची राहिली होती म्हणून म्हणाली, देव जाणे.

पोट उघडायची सोय आमच्याकडे नव्हती, आणि अकोल्याला न्यायला वेळ नव्हता. ऊन खिडकीतून उतरून भिंतीला लागलं, भिंतीवरून चढून गेलं, आणि त्याबरोबर ती गेली. उजाडायच्या आत नदीपर्यंत पोचायचं म्हणून आबांनी लगेच गाडी जुंपली. कापूस टाकून रिकामी झालेली गाडी, तळाशी थोडं सरकी-बोंड पडलेलं. त्यावर पार्वता बसली आणि तिच्या मांडीवर पोर दिली. मी पाय झाकले. पार्वतानं ते पुन्हा उघडे केले आणि हातात धरले.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर डॉक्टरीणबाई आतून पळत आल्या. ताठ चालणारी बाई, पायात चप्पल नाही. कुठं आहेत, म्हणाल्या. मी रस्त्याकडे बोट केलं. खामगावचा तो हंगामातला रस्ता तुम्ही पाहिला नसेल. भरलेल्या गाड्या आत येताहेत, रिकाम्या बाहेर जाताहेत, धुळीत सगळे बैल एकाच रंगाचे, वर कापसाचे तंतू उडताहेत. त्यातली आमची कोणती? बाई दोन-चार गाड्यांच्या चाकापर्यंत जाऊन डोकावल्या. गाडीवान चकित होऊन बघत राहिले. मग त्या परत आल्या, आणि हात धुवायला लागल्या. मी पाणी घालत राहिले. साबण संपला तरी त्यांचे हात धुऊन होईनात.

लोकांना वाटतं दवाखान्यातल्या माणसांना मरणाची सवय होते. होते ना, म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या मरणाची होते. अंगावरची चादर ओढून पुढच्या खाटेकडे वळायला आम्हीही शिकलो होतो. पण ज्या पोराचा ताप आपण महिनाभर आपल्या हातावर मोजला, त्याची खाट रिकामी झाली की सगळा वॉर्ड त्या बाजूला कलतो. मी बरेच दिवस त्या खाटेच्या पायथ्याशी आलं की वळसा घालून जायची, तिथं कोणी बसलेलं आहे असं समजून.

डॉक्टरीणबाईंनी त्यानंतर "रोगी हाती लागला" हे शब्द टाकून दिले. ताप उतरून आठवडा झाला, पोरगं खाटेवर उड्या मारतंय, आई विचारतेय, तरी ह्यांचं एकच, बघू. पुढच्या वर्षी कणसं भरू लागली तशा त्या दारात उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाचं गाठोडं सोडायला लावू लागल्या, हात हुंगायच्या. लोक चिडायचे. लिंबाखालच्या बायांनी त्यांचं नाव नाकेदारीण पाडलं. एक म्हातारी तर तोंडावर म्हणाली, बाई, माया हाताले शेणाचा वास येते, तो घे पाहिजे तं. आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत, त्यांनी दुसरा हातही हुंगला.

एकदा मला चादरींच्या खोलीत म्हणाल्या, "मंजुळाबाई, मी त्या आईला जे बोलले ते खरंच होतं. पण खरं असलं म्हणून बोलायचं असतं का?" मी चहा करून आणला, तो त्यांनी घेतला नाही. पुढं त्यांची बदली झाली, आणि नागपूरला त्या कसल्याशा आजारानं वारल्या असं कानावर आलं. वय काही फार नव्हतं.

इतकं सगळं मी मनात एका जागी ठेवून दिलं होतं, आणि तिथं ते राहिलं असतं. पण माझ्या भावाची नात डॉक्टर झाली. मागं ती आली असताना शेजारच्या मुलाला टायफॉईड झाला, आणि ही त्याच्या आईला सांगते, मऊ खिचडी द्या, वरण-भात द्या, उपाशी ठेवू नका. मी ओरडलेच. तिनं मला बसवलं, समजावलं. आजी, म्हणे, पूर्वी उपाशी ठेवायचे, आता नाही ठेवत. त्या तापात आतडं फुटायचं तर आपोआपही फुटतं, तिसऱ्या आठवड्यात नाहीतर त्याच्या पुढं, पोटात पाणी सोडून काही नसलं तरी. मी सरसीची हकीकत सांगितली. तिनं ताप किती दिवस होता ते विचारून घेतलं. म्हणाली, हुरड्यानं झालं असेलही, नसेलही. छातीवर हात ठेवून आज कोणी सांगू शकणार नाही.

ती गेली आणि माझी झोप गेली. हे मी पार्वताला सांगायचं का? जिवंत असली तर म्हातारी झाली असेल. ती मूठ तिनं जन्मभर उराशी धरली असेल, आणि आता मी जाऊन म्हणू, की बाई, कदाचित ती तुझी नव्हतीच? ह्या "कदाचित"चं ती काय करील? जुन्या जखमेनं खपली धरलेली असते, ती मी कोण काढणारी? आणि नाही सांगितलं तर? ती तशीच मरून जाईल, खरं तर कोणालाच माहीत नसलेली गोष्ट खरी समजून. एक अख्खं साल मी असं आणि तसं करण्यात घालवलं. ह्या वर्षी ज्वारीची कणसं भरली आणि मी सुनेला सांगितलं, जामोदला ओळखीचं माणूस आहे, जाऊन येते.

बस, मग दुसरी बस, मग एका पोराच्या सायकलमागं. पार्वता ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. केस पांढरे, डोळे ठीक. माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तू दवाखान्यातली मावशी न वो?" सरसीची हाक तिनं वापरली. मला बसवलं, पाणी दिलं. आबा कधीच गेलेले. त्यांनी त्या सालापासून ज्वारीच्या कोवळ्या कणसाला हात लावला नाही, असं तिनं आपणहून सांगितलं.

मी मग सांगितलं. वाढवून नाही सांगितलं, नातीनं जसं सांगितलं तसंच. सांगता सांगता मीही शेंगा सोलायला घेतल्या. ती ऐकत होती आणि तिची बोटं थांबली नव्हती.

"म्हंजे मायी मूठ नव्हती?"

"तसंही नाही सांगता येत. असन बी, नसन बी. तवा ते कोणालेच माहीत नव्हतं."

ती "हूं" म्हणाली. रडली नाही, सुस्कारा टाकला नाही. तिच्या मनात काय उतरलं आणि काय चढलं, मला वाचता आलं नाही, आणि त्या घटकेला मला वाटलं की मी इतक्या दूर येऊन चूकच केली. परतीची बस कधी आहे ते विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं विचारलं, "त्या डॉक्टरीणबाईले हे सांगतलं का?"

म्हटलं, ती नाही आता. तिला जाऊन लई वर्षं झाली.

तिची बोटं तेव्हा थांबली. "म्हंजे तिले ठाऊकच नाही झालं." मग म्हणाली, "ते बोलली तवा मी तिच्या डोयात पाह्यलं होतं, मावशी. ते मायावर नव्हती रागावली. मले तं सांगायले तू आली. तिच्यापाशी कोन गेलतं?"

मी हातातली शेंग खाली ठेवली.

"तिच्या मागं कोन हाय?"

"कोणी नाही. लग्न नव्हतं केलं तिनं."

पार्वतानं मांडीवरची टरफलं झटकली. आखाजीला, गेलेल्या माणसांना पाणी देतात त्या अक्षय तृतीयेला, सरसीच्या नावानं ती पाण्याचा करा भरते, दरवर्षी, एकही साल चुकवलं नाही, असं म्हणाली. "यंदा दोन भरीन. तिचं नाव सांग मले."

डॉक्टरीणबाई एवढंच आम्ही सगळे म्हणायचो. पण पाटीवर मला अक्षरं शिकवताना त्यांनी पहिल्यांदा माझं नाव लिहून दाखवलं होतं आणि त्याखाली त्यांचं. "कुमुदिनी," मी म्हटलं.

तिच्या जिभेवर ते अडलं. तिनं पुन्हा म्हणून पाहिलं, हळूहळू, एकेक अक्षर धरत, बरोबर येईपर्यंत.